हात लावण्याआधी विचारलंत म्हणून

प्रिय मेस्त,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. फोंड्याच्या अलीकडे, फणसाखाली गाड्या रंगवायची पत्र्याची शेड, एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. तुम्ही बोलता कोंकणीत, पण मराठी वाचता हे मला ठाऊक आहे. शेडमधल्या स्टुलावर घडी घातलेला पेपर मी पाहिलाय. म्हणून हे उघडं पत्र.

दिवाळीत नरकासुर जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून गाडी घरी आली. आई पायरीवर उभी होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला. आमच्याकडे फार झालं की असंच होतं.

ही फियाट बाबांनी 1985 साली घेतली. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या वाड्यावर तिला कोणी कधी पद्मिनी म्हटलं नाही. पाटीवर अजून जीडीने सुरू होणारा नंबर, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. बाबा उसगावच्या बाजूला खाणीच्या वजनकाट्यावर कारकून. रोज सकाळ-संध्याकाळ खनिजाच्या ट्रकांच्या मागून ये-जा. 2012 साली खाणी बंद पडल्या तोवर त्या गाडीचा खरा रंग आम्हाला फक्त पावसाळ्यात दिसायचा. आणि बाबा रोज ती तांबडी धूळ कोरड्या फडक्याने पुसायचे, प्रेमाने. तुम्ही बॉनेटवरचे बारीक गोल ओरखडे दाखवून म्हणालात की ही धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. प्रेमाने केलेलं नुकसान मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बाबा गेल्यावर गाडी दोन पावसाळे निळ्या ताडपत्रीखाली होती. आत दमट हवा कोंडली, रंगावर पांढरे डाग आले, टपावर तर खडूसारखी भुकटी. हात फिरवला की तळवा हिरवा.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठेकुठे गेले तेही सांगते, कारण आभार नुसते गोड असले की खोटे वाटतात.

एकाने गाडीभोवती एक फेरीही मारली नाही. फुल बॉडी पेंट, पंचाहत्तर हजार. मी विचारलं, मूळ रंग वाचणार नाही का? तर म्हणे, मॅडम, घरातल्या कोणा पुरुषाला घेऊन या, त्यांना समजावतो. दुसरा म्हणाला, मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीसुद्धा 2023 मध्ये संपल्या, तुम्ही कशाला धरून बसलाय? भंगारवाल्याचा नंबर देतो. तिसरं दुकान काचेचं, आत एसी, भिंतीवर परदेशी गाड्यांचे फोटो. तिथे "रिस्टोरेशन पॅकेज" होतं. त्यांनी बफिंगचं मशीन बॉनेटच्या उंच घडीवर इतकं दाबून फिरवलं की दोन इंच रंग जळून खालचा प्रायमर वर आला. तो झाकायला वर कसलंसं चकचकीत तेल. गाडी आठ दिवस नवरीसारखी दिसली. मग गणपतीच्या आधीची एक सर आली आणि चमक गटारात गेली. फोन केला तर "जुना रंग आहे, आमची गॅरंटी नसते." पैसे घेताना जुना नव्हता वाटतं.

तुम्ही मात्र मला आधी परत पाठवलंत. "चवथ जांव दी, मागीर हाड." गणेश चतुर्थी होऊ दे, मग आण. तुमचे हात तेव्हा चित्रशाळेत गुंतले होते, गणपतींचे डोळे आखायचे होते. मला राग आला होता, खरं सांगते. बाकीचे चार दिवसांत देतो म्हणत होते.

चवथीनंतर आले तेव्हा तुम्ही काय केलंत? डिकीचं झाकण उघडलंत, रबराची पट्टी थोडी उचललीत आणि मला वाकायला लावलंत. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. पावसात भिजलेल्या फणसाच्या पानासारखा हिरवा. मग टपाच्या एका कोपऱ्यावर फडक्याने थोडी रबिंगची पेस्ट घासलीत. फडकं हिरवं झालं आणि खाली त्याच हिरव्याचा रुपयाएवढा तुकडा उजळला. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला म्हणजे वर वेगळा पारदर्शक थर नाही, मेलाय तो फक्त वरचा पापुद्रा, असं तुम्ही सांगितलंत. आणि लगेच हेही, की सगळा रंग मिळून केसाच्या जाडीपेक्षा फार नसतो, दरवेळी घासाल तर संपेल. कोणीतरी मला मर्यादासुद्धा सांगतंय, याचंच मला नवल वाटलं.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. जळलेल्या घडीसाठी रंगाचा शेड तुम्ही कार्डावरून नाही, त्या रबराखालच्या रंगाशी ताडून जुळवलात, हे तेवढं नोंदवते. कारण आज मीसुद्धा ती जागा शोधू शकत नाही.

खरं पत्र एका फोनसाठी आहे.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या वेळी. मला वाटलं पैसे वाढवून मागणार. तुम्ही विचारलंत, "बाय, बापूय हांगा हात दवरतालो?" बाबा इथे हात ठेवायचे का, एवढंच.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. ड्रायव्हरच्या दारावर, काच खाली जाते तिथे, चंद्रकोरीसारखा एक पट्टा आहे, रंग जाऊन खालचा तांबडा रेड ऑक्साईड प्रायमर दिसणारा. तीस वर्षं बाबांचं कोपर तिथे. मी तो इतकी वर्षं पाहत होते आणि माझ्या यादीत "दारावरचा डाग काढणे" असा चौथ्या ओळीवर लिहिला होता. माझ्याच अक्षरात.

तुम्ही तो वाचलात. उन्हाने गेलेला रंग पिठाळ होतो, हा गुळगुळीत आहे, कडेला हिरवा हळूहळू दाट होत जातो, म्हणजे हा माणसाने झिजवलाय, असं तुम्ही म्हणालात. "काडूं काय दवरूं? पयलीं विचारतां, मागीर हात लायतां." काढू की ठेवू? आधी विचारतो, मग हात लावतो.

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. दवरा, एवढंच म्हणू शकले.

तुम्ही तो ठेवलात. गंज धरू नये म्हणून वर एक पातळ पारदर्शक हात दिलात आणि भोवतीचा हिरवा असा उजळलात की आता तो डाग वाटतच नाही. यादीत ते काम लिहिलेलं होतं. केलं असतंत तर मी आभारच मानले असते, आणि काय गेलं ते मला कधी कळलंही नसतं. हा विचार आला की अजून पोटात खड्डा पडतो.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडे लगेच कोणी पैसे नाकारल्याची गोष्ट सांगतात. तुम्ही ठरलेले चौदा हजार मोजून घेतलेत, वर वॉटर पेपरचे वेगळे. बरं केलंत. फुकटात केलं असतंत तर मला उपकाराचं ओझं झालं असतं आणि हे पत्र जड झालं असतं. भली माणसं मी पुष्कळ पाहिली. समोरच्या वस्तूकडे नीट बघून मग तोंड उघडणारी मात्र फार थोडी भेटली. काचेच्या दुकानात पाच माणसं होती हो, पाच, आणि एकालाही ते दार दिसलं नाही. मलाही दिसलं नव्हतं, म्हणून जास्त बोलत नाही.

आईने काल पहिल्यांदा गाडीत बसायचं म्हटलं. नागेशीच्या देवळात जाऊन आलो. परत येताना तिने काच खाली करायला सांगितली आणि मी कोपर बाहेर टेकलं. माझा हात बाबांपेक्षा आखूड, चंद्रकोरीच्या अलीकडेच येतो.

पावसाआधी मेण लावायला आणा म्हणालात, तर मेच्या शेवटी येते. ताडपत्री टाकून दिली. मागच्या पडवीला पत्रे घातलेत, तिन्ही बाजूंनी वारा. येताना आईच्या हातच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, असतील, त्यांना नाही म्हणू नका. त्यांचे पैसे लावणार नाही.

तुमची,
हिरव्या फियाटवाली बाय