अर्थनियोजनाचा धडा भिशीपासून सुरू करा

मा. संपादक,

शाळेत पैशाचे व्यवहार शिकवा, हा आग्रह पालकसभांत वाढतो आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे शनिवारी एखादा पाहुणा वक्ता बोलावणे. तो दीड तास एसआयपीचा (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचा) वर चढत जाणारा आलेख दाखवतो, मुले टाळ्या वाजवतात आणि जाताना पालकांचे फोन नंबर असलेला कागद त्याच्या हाती लागलेला असतो. विमा प्रतिनिधी किंवा फंड वितरक यांना वर्गात उभे करू नये, एवढे तरी शाळांनी ठरवावे.

नवा विषय काढण्याचीही गरज नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकांत सातवीला बँक व सरळव्याज आहे, आठवीला चक्रवाढ व्याज आहे, नववी-दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ हे आख्खे प्रकरण आहे. नववीच्या भूगोलात अर्थशास्त्राचा परिचय आणि व्यापारही आहे. गडबड क्रमाची आहे. दहावीचा मुलगा शेअरची दर्शनी किंमत आणि अधिमूल्य यांची गणिते सटासट सोडवतो, पण घरात हप्त्यावर आलेल्या मोबाइलचा खरा व्याजदर त्याला काढता येत नाही. ज्याचा शेअरशी संबंध आलाच तर दहा वर्षांनी येणार, त्याचा हप्त्याशी आजच येतो.

सुरुवात भिशीपासून करावी, कारण ती बहुतेक मुलांनी घरी किंवा चाळीत पाहिलेली असते. बारा मुले घ्यावीत, प्रत्येकाला शंभराच्या बारा कागदी नोटा द्याव्यात, फळ्यावर बारा रकाने आखावेत. दर ‘महिन्याला’ प्रत्येकाने एक नोट टाकायची, चिठ्ठी निघेल त्याने 1,200 उचलायचे. शेवटी सगळ्यांनी 1,200 भरलेले असतात आणि सगळ्यांना 1,200 मिळालेले असतात. मुले म्हणतात, ना फायदा ना तोटा. तिथे थांबून विचारायचे: पैसे कुणाकडे, किती महिने राहिले? पहिली चिठ्ठी लागलेल्याला इतरांचे 1,100 रुपये बिनव्याजी वापरायला मिळाले. शेवटच्याने अकरा महिने दुसऱ्यांची गरज भागवली आणि त्याला त्याबद्दल काहीच मिळाले नाही.

हाच खेळ दुसऱ्यांदा खेळावा. या वेळी तिसऱ्या महिन्यात ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या कानात सांगावे, ‘आता पुढची नोट टाकू नकोस.’ उरलेल्या नऊ जणांना 1,100च मिळतात आणि वर्गात भांडण सुरू होते. जामीन, तारण, करार, नोंदवही या शब्दांची व्याख्या मग फळ्यावर लिहावी लागत नाही.

‘कुणाकडे, किती महिने’ हा प्रश्न हातात आला की कर्जाकडे वळावे. 12,000 रुपये, एक वर्ष, ‘फक्त 12 टक्के’ फ्लॅट रेट, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज पूर्ण 12,000वरच. व्याज 1,440, हप्ता 1,120. मुले सरळव्याजाचे सूत्र लावून उत्तर बरोबर आले म्हणून वही मिटतात. मिटू देऊ नये. दर महिन्याला 1,000 मुद्दल फिटते असे धरून बाकी मांडायला लावावी: 12,000, 11,000, 10,000 असे उतरत शेवटच्या महिन्यात 1,000. दर महिन्याच्या बाकीवर एक टक्का व्याज काढले तर 120, 110, 100 असे करत बेरीज 780 येते. दुकानदाराने घेतले 1,440! वर्षभरात सरासरी बाकी 6,500 होती. त्यावर 1,440 म्हणजे 22 टक्के. दर महिन्याच्या समान हप्त्याने काटेकोर मोजले तर साधारण साडेएकवीस. यात प्रोसेसिंग फी धरलेलीच नाही. ‘नो कॉस्ट’ हप्ता असेल तर रोखीने मिळणारी किती सूट सोडावी लागली, ती रक्कम व्याजाच्या रकान्यात लिहावी.

याचीच उलटी बाजू आवर्ती ठेवीत दिसते, आणि इथे शिक्षकही अडखळतात. पोस्टात महिना 100 रुपये, पाच वर्षे, दर 6.7 टक्के. भरलेले 6,000. सूत्र लावून मुले 2,010 रुपये व्याजाची अपेक्षा धरतात. हाती येतात सुमारे 7,137, म्हणजे व्याज 1,137 आणि ‘पोस्टाने फसवले’ असा सूर निघतो. फसवले नाही. पहिला हप्ता साठ महिने राहिला, शेवटचा एकच. सरासरी साडेतीस महिने. त्या हिशेबाने सरळव्याज सुमारे 1,022 येते, वरचे 115 तिमाही चक्रवाढीचे. कर्जात हप्त्यागणिक बाकी घटते, आवर्ती ठेवीत ती वाढते. दोन्हीकडे पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचे व्याज धरले की उत्तर चुकणारच. ही दोन गणिते एकाच दिवशी, फळ्याच्या दोन अर्ध्या भागांत करावीत. (दर तिमाहीला बदलू शकतो, वहीत दराशेजारी तारीख लिहिण्याची सवय लावावी.)

पुढचा कागद लाइट बिलाचा. महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300 असे टप्पे असतात. 101वे युनिट जळले की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, हा गैरसमज मोठ्यांतही पक्का आहे. समजा पहिल्या टप्प्याला 5 आणि दुसऱ्याला 11 रुपये दर आहे, तर 101 युनिटचे 511 होतात, 1,111 नव्हेत. हे एकदा डोक्यात बसले की प्राप्तिकराचे टप्पे वेगळे शिकवावे लागत नाहीत. मग स्थिर आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क शोधायला लावावे, म्हणजे वापर शून्य असला तरी स्थिर आकारामुळे बिल शून्य येत नाही, हे कळते.

जीएसटीत ठरलेली चूक एकच. 118 रुपये एमआरपीवर 18 टक्के काढून 21.24 लिहिणे. एमआरपीत कर धरलेला असतो. तो 118 भागिले 118 गुणिले 18, म्हणजे 18 रुपये. शिवाय पुस्तकातल्या उदाहरणांतले 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतांश वस्तूंवरून गेले आहेत, वही-पेन्सिलवर तर आता कर नाही. मुलांनी दुकानातले ताजे बिल आणून पुस्तकातले उदाहरण दुरुस्त करावे.

अर्थशास्त्राचा भाग नवी मुंबईत शिकवणे तर फारच सोपे. वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला, धान्य असे पाच बाजार दाराशी आहेत. एकाच दिवशीचा कांद्याचा घाऊक भाव आणि घणसोलीच्या किंवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या गाड्यावरचा भाव लिहून आणायचा आणि मधला फरक फोडायचा: अडत, हमाली, तोलाई, वाराई, टेम्पो, गोणीतला सडका माल, गाडीवाल्याची दिवसाची मजुरी. कोपरखैरण्याच्या वर्गात माथाडी कामगारांची मुले असतील तर हे शब्द तीच इतरांना समजावतील. सडका माल हिशेबात धरायचा राहतो आणि सगळा फरक ‘दलालाने खाल्ला’ असे उत्तर येते. म्हणून दहा किलोतला एक किलो बाद झाला तर उरलेल्या नऊ किलोंवर किंमत कशी चढते, ते करून घ्यावे.

फसवणुकीवर भाषण नको, एक गणित द्यावे. आठवड्याला 6 टक्के परतावा. चक्रवाढीत 72ला दराने भागले की दुप्पट व्हायला लागणारा काळ साधारण मिळतो: 72 भागिले 6, म्हणजे बारा आठवड्यांत दुप्पट. वर्षभरात 10,000चे दोन लाखांच्या वर. असा धंदा असलेला माणूस आपले 10,000 कशाला मागेल, हे मुलेच विचारतात. सोबत तीन गोष्टी वहीत असाव्यात: यूपीआयचा पिन पैसे घेताना लागत नाही, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार 1930 वर, तीही लगेच, आणि बँकेतल्या ठेवीला प्रति ठेवीदार 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा विम्याची मर्यादा 1 लाख होती. ती फेब्रुवारी 2020 मध्ये वाढली.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. मुलांना घरचे उत्पन्न, पासबुक, पगाराची पावती आणायला सांगू नये. घोडबंदरच्या टॉवरमधले आणि दिघ्याच्या वस्तीतले मूल एकाच बाकावर बसले की तो तास हिशेबाचा राहत नाही. नाव आणि ग्राहक क्रमांक खोडलेली नमुना बिले शिक्षकांनीच आणावीत. गरजा, हौस आणि बचत यांसाठी उत्पन्नाचे 50-30-20 टक्के असे वाटे करण्याचा नियमही शिकवू नये. भाडे आणि किराणा यांतच पगार संपतो त्या घरातल्या मुलाने त्याचे काय करायचे?

एवढ्याला नववीत आठ तासिका पुरतात: भिशीला दोन, कर्ज आणि ठेवीला तीन, बिले व जीएसटीला दोन, बाजाराला एक. अंतर्गत मूल्यमापनासाठी यातलेच एक बिल फोडायला द्यावे. नवी मुंबई आणि ठाणे या दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांनी खोडलेल्या बिलांचा आणि त्या वर्षीच्या दरांचा चार पानी संच दर जूनमध्ये शाळांना पाठवला, तर छापील पुस्तक बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही.

– गणित व समाजशास्त्राचे काही शिक्षक,
कोपरखैरणे, नवी मुंबई