पाचवं भोक

राधानगरी,
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय सदा,
रामराम.

फोनच करणार होतो. पण फोनवर तुला नको तो विषय निघाला की खोकला येतो, आणि मला जे विचारायचंय त्यावर तुला नक्कीच खोकला येईल. म्हणून कागद घेतला. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ओळ जरा वर चढते, तेव्हा अक्षर लावून घे.

१ तारखेला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्य घेतलं ते पाहिलंस ना? कांबळवाडी आमच्याच तालुक्यातली. इकडे भर पावसात फटाके वाजले, निम्मे फुसके निघाले. पन्नास मीटर थ्री पोझिशन, म्हणजे आधी गुडघ्यावर, मग लेटून, शेवटी उभं. पोरगा सातव्या नंबरानं फायनलला आला, लेटून झालं तरी पाचवाच होता, आणि उभा राहिल्यावर वर सरकला. ४५१.४ गुण. उभ्यानं, सदा! आपल्याला उभ्यानं मारायला सांगितलं की रायफलचं टोक कसं लग्नातल्या झालरीसारखं हलायचं आठवतंय? तिथं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. आपल्याला तर समोर अख्खा माणूस काढलेला असायचा, तरी गोळी चुकल्याची लाल झेंडी हलायचीच.

तर मॅच संपली आणि नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हीपण असं मारायचा?" मी छाती पुढं काढून म्हणालो, "मार्क्समन होतो." आणि तिथंच जीभ अडली. का अडली ते तुला कळलंच असेल. नसेल कळलं तर सांगतो, पण जरा मागनं येतो.

बेळगावचं फौजेचं सेंटर, १९८२. वेपन ट्रेनिंगचा पहिला तास. उस्ताद म्हणाले, चांगल्या फायरचे तीन उसूल: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. "शिस्त लो" म्हटल्याबरोबर मी टाचा जुळवून सावधान उभा राहिलो. बाकीचे सगळे लेटलेले! अरे, आपल्या मराठीत शिस्त म्हणजे जी ती. नेम धरण्यालाही शिस्तच म्हणतात, हे पाचवी-सहावी शिकलेल्या पोराला कुठून ठाऊक? पुढं कुणीतरी सांगितलं की जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमच. म्हणजे मी चुकलो ते माझ्याच भाषेत. तेव्हापासून तुम्ही मला "शिस्तराव" म्हणायला लागलात, आणि अजून म्हणता.

नळीवर चार आण्याचं नाणं ठेवून ट्रिगर दाबायचा सराव आठवतो. नाणं पडलं की मैदानाला एक चक्कर. तू कधी पळालेला मला आठवत नाही. तुझं नाणं जणू चिकटवलेलं असायचं. रायफलीच्या पुढच्या टिपेवर नजर ठेव, टार्गेट धूसर दिसू दे, हे तुला एकदाच सांगावं लागलं. मी मात्र टार्गेटकडंच बघत बसायचो. आता गंमत बघ, या वयात टार्गेट लख्ख दिसतं आणि टीप धूसर.

आपली ती एसएलआर रायफल मला शेवटपर्यंत जड वाटली. सव्वाचार-साडेचार किलो, त्यात खांद्याला ७.६२ मिलिमीटरच्या गोळीचा दणका. रात्री बनियन काढली की खांदा वांग्यासारखा झालेला. शेवटच्या वर्षांत ५.५६ ची इन्सास आली, तर उलट काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. आता पुतण्या सांगतो, परत ७.६२ च्या सिग सॉअर रायफली आल्यात. घ्या.

आता त्या दिवसाचं. क्लासिफिकेशन होतं, म्हणजे कोण कुठल्या दर्जाचा नेमबाज ते ठरवायची परीक्षा. बेळगावचं धुकं नुकतं उतरलेलं, लाल माती ओली. तू बट पार्टीत होतास, टार्गेटखालच्या खंदकात भोकं मोजायला. मी दोनशेवर लेटलो होतो आणि माझ्या डाव्या हाताला तो सावंतवाडीचा. चार गोळ्या बऱ्या गेल्या. पाचवीला अर्धा श्वास सोडला, ट्रिगरचा पहिला दाब घेतला, आणि त्याच्या रायफलीतून उडालेली पुंगळी थेट माझ्या कॉलरीत! एसएलआर पुंगळ्या उजवीकडं फेकते हे शिकवलेलं होतं. त्या किती तापलेल्या असतात हे तेव्हा कळलं. डोळे मिटले, बोट आवळलं, गोळी सुटली. डोळे उघडले तर मागच्या मातीच्या बांधावर धुरळा, माझ्या टार्गेटच्या चांगला दोन हात उजवीकडं. तो शेजारच्या गोळीचाही असू शकेल. पण आपली गोळी कुठं गेली हे मारणाऱ्याला कळतंच, तुला काय सांगायचं.

टार्गेट खाली गेलं. आणि सदा, ते जरा जास्तच वेळ खाली राहिलं.

वर आलं तेव्हा गोळी कुठं लागली ते दाखवणारी तुझी तबकडी छातीच्या खाली, उजव्या अंगाला. पाचवी हिट. एका गुणानं मी मार्क्समन.

पुढचं तुम्ही सगळे हसत सांगता. खोखे, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, मोजले तर एक कमी. अख्खी तुकडी गुडघ्यांवर गवत चाळतेय, मीही चाळतोय, आणि वाकल्यावर पोटाला काहीतरी टोचलं. बनियनमध्ये, पट्ट्याच्या वर, पुंगळी. उस्ताद म्हणाले, "खोखा तेरे पेट में, और कंपनी घास में?" मानेवरचा डाग अजून आहे. बायको लग्नानंतर बरीच वर्षं तो जन्मखूण समजत होती.

पण त्या हसण्यात पाचव्या भोकाचं राहून गेलं. नंतर मीही बटात ड्यूट्या केल्या. डोक्यावरून कड् कड् गोळ्या जातायत, एका हाताला चिकटवायची खळ, दुसऱ्या हातात कागदाचे तुकडे, भोकं बुजवतोय. बटात नोंदीला पेन्सिल असतेच. ती किती जाड असते आणि ७.६२ ची गोळी किती, ते मी एकदा जुन्या टार्गेटवर करून बघितलंय. कागदाला फरक कळत नाही.

तेव्हा विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. नंतर विचारलं नाही, कारण मार्क्समन म्हणवून घ्यायची सवय लागली. आणि खरं सांगू, त्या एका गुणामुळं पुढं मी इतका जीव लावून सराव केला की नंतरच्या वर्षी खरोखरचे गुण आले. पण नातवाला कुठल्या वर्षाचं सांगू?

लांबड लावायला सांगत नाही. एवढंच कर: भोक गोळीचं असेल तर उत्तर पेनानं लिही. नसेल तर पेन्सिलीनं. मजकुरात गुडघेदुखीचं लिहिलंस तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिस्तराव