कंपनीचं नाव बिंदूच्या डावीकडे नको: मित्रास पत्र

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

एकाच कंपनीच्या प्रिंटरची दुरुस्ती आणि सुटे भाग यांची वेबसाइट काढायची आणि त्या कंपनीचं नावच डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात, घ्यायचं, हा तुझा बेत कळला. कंपनीला इथे मी 'अबक' म्हणतो, म्हणजे तुझं डोमेन झालं 'अबकरिपेअर डॉट कॉम'. तुझा प्रश्न असा की डोमेन मोकळं आहे, रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) पैसे घ्यायला तयार आहे, मग अडचण कसली?

अडचण अशी की रजिस्ट्रार फक्त एकच गोष्ट बघतो: ते नाव आधी कुणी घेतलंय का. तुला ते घ्यायचा हक्क आहे का, हे तो तपासत नाही आणि तसं त्याच्यावर बंधनही नाही. नोंदणी करताना जी लांबलचक अटींची यादी न वाचता आपण टिचकी मारून मान्य करतो, तिच्यात तू लिहून देतोस की तुझ्या माहितीप्रमाणे या नावाने दुसऱ्या कुणाच्या हक्काला बाधा येत नाही. ते पडताळायची जबाबदारीही तुझीच. शिवाय वाद झाला तर 'यूडीआरपी' या डोमेनचे वाद कोर्टाबाहेर मिटवायच्या पद्धतीने तो सोडवायला तू आधीच होकार दिलेला असतोस. सही करून झालीय, एवढं समज.

यूडीआरपी हे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये आणलेलं धोरण. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग आणि नंतर आलेली डॉट शॉपसारखी नवी शेपटं, सगळ्यांना ते लागू आहे. यातलं पहिलंच प्रकरण 'वर्ल्डरेसलिंगफेडरेशन डॉट कॉम'चं. नोंदणी करणाऱ्याने तीनच दिवसांत ते त्याच नावाच्या कुस्तीवाल्या कंपनीला १००० डॉलरला देऊ केलं होतं. जानेवारी २००० मध्ये निकाल लागला आणि डोमेन कंपनीकडे गेलं.

तक्रार करणाऱ्या कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, तिन्हीच्या तिन्ही. डोमेन तिच्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. तुला त्या नावावर हक्क किंवा रास्त कारण नाही. आणि तू ते वाईट हेतूने नोंदवलंस आणि वाईट हेतूनेच वापरतोयस. पहिली पायरी तिला फारच सोपी. 'अबक' अख्खं डोमेनमध्ये दिसतंय, तेवढं पुरतं. पुढे 'रिपेअर' लावलं, मध्ये आडवी रेघ घातली, एखादं अक्षर चुकवलं, तरी फरक पडत नाही. साइटवर तळाशी 'आमचा कंपनीशी संबंध नाही' असं लिहिलं तरी या पायरीवर त्याला किंमत नाही, कारण इथे नावाशेजारी नाव ठेवून बघतात. तुला सुचलेली देवनागरी डोमेनची पळवाटही चालणार नाही. लिपी बदलली किंवा भाषांतर केलं तरी ट्रेडमार्क तोच राहतो.

खरी लढाई दुसऱ्या पायरीवर, आणि तिथे तुझ्या बाजूने एक चांगला दाखला आहे. २००१ मधलं 'ओकीडेटापार्ट्स डॉट कॉम'चं प्रकरण. योगायोगाने तेही प्रिंटरचंच. त्यात डोमेन ठेवणारा विक्रेता जिंकला आणि त्या निकालातून चार कसोट्या निघाल्या, ज्या आजही लावतात. तुझ्या साइटवर ती वस्तू किंवा सेवा खरोखर मिळाली पाहिजे. फक्त त्याच कंपनीची मिळाली पाहिजे. कंपनीशी तुझं नातं काय, हे साइटवर ठळक आणि खरं लिहिलेलं पाहिजे. आणि त्या नावाची सगळी डोमेनं अडवून तू कंपनीची कोंडी केलेली नसावी. तो विक्रेता अधिकृत होता, पण पुढच्या निकालांत अनधिकृत विक्रेते आणि दुरुस्तीवाले यांनाही याच कसोट्या लावल्या गेल्या.

आता तुझी अडचण बघ. कंपनीचं टोनर महाग, म्हणून तू दुसऱ्याचं, त्या प्रिंटरला चालणारं टोनरही ठेवणार आहेस. दुसरी कसोटी तिथेच मोडली. अबकच्या नावाने गिऱ्हाईक आलं आणि त्याच्या हाती प्रतिस्पर्ध्याचा माल पडला, म्हणजे गळाला आमिष लावल्यासारखंच झालं, असं या तक्रारींचा निकाल देणारे पंच म्हणतात. धंदा वाढला की दुकानदार शेजारच्या कंपनीचा माल ठेवतोच. त्यामुळे पहिल्या दिवशी टिकणारं डोमेन दोन वर्षांनी टिकेलच असं नाही. तिसऱ्या कसोटीवरही बरेच जण घसरतात. कंपनीचा लोगो वर, तिचेच रंग, तिच्याच कॅटलॉगातले फोटो, आणि 'आम्ही स्वतंत्र आहोत' ही ओळ तळाशी राखाडी रंगात. ती ओळ पहिल्या पानावर, न सरकवता दिसेल अशी हवी, फोन नंबर आणि खरेदीच्या बटणाच्या आधी.

नावातल्या जोडशब्दांनीही फरक पडतो. नुसतं 'अबक' अधिक कुठलंही शेपूट, किंवा 'अबक' पुढे देशाचं नाव, हे सर्वांत धोक्याचं. वाचणाऱ्याला ती कंपनीचीच शाखा वाटते. 'ऑफिशियल', 'लॉगिन', 'कस्टमरकेअर' हे तर हातानेच खड्डा खणणं. २०१० मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने 'बाय-अ-लेक्सस डॉट कॉम' चालवणाऱ्या दलालांच्या बाजूने बरंच काही म्हटलं: ते लेक्सस गाड्याच मिळवून द्यायचे आणि तसं सांगायला ते नाव वापरणं गैर नाही. पण तिथवर पोचायला लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

तिसरी पायरी वाईट हेतूची. डोमेन घेऊन नुसतं ठेवलं, काहीच केलं नाही, तरी सुटका होईल असं तुला वाटतंय. २००० मधल्या टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन टेलिफोन कंपनीच्या प्रकरणापासून पंच म्हणत आलेत की नाव अतिप्रसिद्ध असेल आणि त्याचा कुठलाही रास्त वापर कल्पनेतही येत नसेल, तर नुसतं पडून ठेवणं हाही वाईट हेतूने केलेला वापरच. दुसरी गंमत पार्किंग पानाची. डोमेन घेतल्यावर नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या साइटकडे न्यायचं ते सांगणारा सर्व्हर) बदलला नाहीस तर अनेक रजिस्ट्रार तिथे आपोआप जाहिरातींचं पान लावतात, आणि त्यावर नेमक्या अबकच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती येतात. पैसे रजिस्ट्रारला मिळतात, जबाबदारी तुझी धरतात. रिकाम्या डोमेनवर एमएक्स नोंद (डोमेनचे मेल कुठे जायचे ते सांगणारी) चालू दिसली की कंपनीचे वकील 'यावरून बनावट मेल जाऊ शकतात' असंही लिहितात.

जुनं डोमेन विकत घ्यायचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेव. नोंदीत समज नोंदणीचं वर्ष २००३ दिसतं, म्हणून तू २००३ पासूनचा ठरत नाहीस. तुझ्या हातात ते ज्या दिवशी आलं तो दिवस धरतात. उलट बाजूही आहे: कंपनीचा ट्रेडमार्क जन्माला येण्याआधीच तू डोमेन घेतलं असेल, तर तिची तक्रार सहसा फेटाळली जाते. स्वतःचं आडनावच असेल तर पाया आणखी भक्कम. निस्सान डॉट कॉम हे उझी निस्सान नावाच्या माणसाने आपल्या आडनावावरून घेतलं होतं. गाडीवाल्या निस्सानने १९९९ मध्ये दावा लावला, अनेक वर्षं चालवला, तरी डोमेन त्याच्याकडेच राहिलं. कोर्टकचेरीत तो पार पिळून निघाला, ते वेगळं.

तक्रार आली की घड्याळ कसं चालतं ते सांगतो. वायपो (संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संस्था) किंवा तिच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडे कंपनी तक्रार करते. वायपोकडे एक ते पाच डोमेनांसाठी एका पंचाची फी १५०० डॉलर, आणि ती कंपनी भरते. मोठ्या कंपनीला ती किरकोळ. रजिस्ट्रार दोन कामकाजी दिवसांत डोमेनला कुलूप लावतो, मग तुला ते विकता येत नाही की दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. तक्रार रीतसर सुरू झाली की उत्तराला २० दिवस. मागितलेस तर आणखी चार मिळतात. उत्तर दिलं नाहीस तर फक्त तिचे कागद बघून निकाल लागतो. तीन पंच हवेत असं तू म्हणालास तर फी ४००० होते आणि अर्धी तुझ्या अंगावर येते. पंच नेमल्यावर साधारण १४ दिवसांत निकाल. विरुद्ध गेला तर कोर्टात जायला १० कामकाजी दिवस, नाहीतर डोमेन कंपनीच्या खात्यात. नुकसानभरपाई या पद्धतीत मिळत नाही, फक्त डोमेन जातं. पैशाचा दंड कोर्टात होतो: अमेरिकेच्या १९९९ च्या सायबरस्क्वॅटिंगविरोधी कायद्यात दर डोमेनमागे १००० ते १,००,००० डॉलरपर्यंत.

देशांच्या शेपटांचे नियम आपापले. डॉट यूकेसाठी ती शेपटं सांभाळणाऱ्या नॉमिनेट या संस्थेची, डॉट इनसाठी आयएनडीआरपी ही पद्धत आहे, आणि या दोन्हींत नोंदणी किंवा वापर यांपैकी एक जरी गैर ठरलं तरी पुरतं. म्हणजे डॉट कॉमपेक्षा कडकच.

'फक्त डोमेन जातं' हे वाचून तू खांदे उडवशील. म्हणून आता मेलकडे बघ. बँक, होस्टिंग, जाहिरात खातं, करभरणा, सगळीकडे तू 'माहिती अ‍ॅट अबकरिपेअर' हा पत्ता दिलेला असणार. डोमेन हस्तांतरित झालं की नवा मालक एमएक्स नोंद बदलतो आणि त्या क्षणापासून तुझे पासवर्ड बदलायचे मेल त्याच्या दारात पडतात. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी वळवणारी ३०१ ची सोयही बंद, कारण ती लावायला डोमेन हातात लागतं. शोधयंत्रात कमावलेली जागा, दुसऱ्यांनी दिलेल्या लिंका, सगळं कंपनीला फुकट. सगळा धंदा त्या नावावर उभा राहिल्यावर कंपनीशी घासाघीस करायला तुझ्याकडे काहीच उरत नाही.

कधी कधी ट्रेडमार्क कायद्याआधी करारच आडवा येतो. अ‍ॅमेझॉनच्या कमिशन योजनेत त्यांचं नाव, किंवा ते चुकवून लिहिलेलं रूपही, डोमेनमध्ये वापरायला मनाई आहे. 'वर्डप्रेस' (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) हा शब्दही डोमेनमध्ये घेऊ नका असं त्याच्या फाउंडेशनचं धोरण सांगतं. तेव्हा अबकच्या विक्रेता करारात आणि संकेतस्थळावरच्या ट्रेडमार्क पानावर काय लिहिलंय ते आधी वाच. लेखी परवानगी मिळाली तर उत्तमच, पण ती विक्रेतेपणाबरोबर संपते का, हे त्यातच शोध. बहुधा संपते.

माझा सल्ला सरळ आहे. बिंदूच्या डावीकडे तुझं स्वतःचं नाव, आणि अबक तिरक्या रेघेच्या उजवीकडे. 'तुझंनाव डॉट कॉम', मग रेघ, मग 'अबक-प्रिंटर-दुरुस्ती'. यूडीआरपी डोमेनपुरती आहे. रेघेपुढच्या पत्त्याला ती हात लावत नाही. पानावरच्या मजकुराला ट्रेडमार्क कायदा लागू राहतोच, पण 'आम्ही अबकचे प्रिंटर दुरुस्त करतो' हे खरं वाक्य लिहायला सहसा आडकाठी नसते. शोधणाऱ्याला तू सापडतोस तो पानाच्या शीर्षकामुळे आणि मजकुरामुळे. डोमेनमध्ये तो शब्द असण्याचा फायदा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. आणि उद्या दुसऱ्या कंपनीचे प्रिंटर घेतलेस तर एक नवं पान टाकायचं, बस.

नवं नाव ठरवताना वायपोच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये आणि जिथे विकणार तिथल्या ट्रेडमार्क नोंदवहीत शोध. नुसतं जसंच्या तसं शोधू नकोस. उच्चाराने जवळचं, उलटसुलट स्पेलिंग, देवनागरी रूप, सगळं बघ. ट्रेडमार्क नोंदणीत मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात: १ ते ३४ माल, ३५ ते ४५ सेवा. तुझ्यासाठी प्रिंटरचा ९, टोनरचा २, विक्रीचा ३५ आणि दुरुस्तीचा ३७ महत्त्वाचा. नोंद नाही म्हणजे मोकळं असंही नाही. नुसत्या वापराने कमावलेला हक्कही ग्राह्य धरतात, म्हणून साध्या शोधयंत्रातही बघून घे.

'अबकरिपेअर' तू उत्साहाच्या भरात घेऊनच टाकलं असशील, अशी मला शंका आहे. तसं असेल तर आजच पार्किंग बंद कर, एमएक्स काढ. त्यावर काहीच बांधलेलं नसेल तर मुदत संपू दे आणि आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाक. मध्येच कंपनीची नोटीस आली तर घाबरून मित्राच्या नावावर करू नकोस, नोंदीतला पत्ता खोटा भरू नकोस. दोन्ही तुझ्याविरुद्धच जातात. आणि 'किती देता?' हे तर चुकूनही लिहू नकोस. खर्चापेक्षा जास्त रक्कम मागणं हा वाईट हेतूचा धोरणातच नाव घेऊन सांगितलेला पुरावा आहे. साइट चालू असेल तर पानांचे फोटो, खरेदीच्या पावत्या, तारखा जपून ठेव. मग सभ्य शब्दांत लिही की डोमेन द्यायला तयार आहे, फक्त नव्या पत्त्याकडे वळवायला ९० दिवस द्या. कंपनीचाही खटाटोप वाचतो, म्हणून मागायला हरकत नाही. त्या ९० दिवसांत पहिलं काम मेलचं: प्रत्येक खात्यातला पत्ता बदल, वेबसाइट नंतर.

तुझ्या मनातली चार-पाच नावं कळव, मी वर्ग ३७ आणि ३५ मध्ये शोधून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप