बाबा, ती गोळी मनाने बंद करू नका

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर म्हणालात, "खांदे मोकळे झाले, ही पट्टी संपली की गोळी बंद." ते ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र औषधांच्या डब्यातच ठेवा.

पॉलिमायाल्जियात, म्हणजे खांदे-कंबर आखडून दुखण्याच्या तुमच्या या आजारात, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू केली की चार-सहा दिवसांत दुखणं पळतं. पण गोळीने सूज नुसती दाबून धरली आहे. मूळ आजार निवायला बहुधा वर्ष-दोन वर्षं लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. तुम्हाला बाहेरून रोज १५ मिलिग्रॅम मिळतंय, त्यामुळे त्या काम सोडून बसतात. महिनाभराने गोळी एकदम थांबवली तर बाहेरचं बंद आणि आतलं अजून सुरू नाही, अशी गत होते. मग उलट्या होतात, अंगातलं त्राण जातं, बीपी पडतं, उभं राहताच भोवळ येते. जिवावर बेतू शकतं ते. म्हणून डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या कागदाप्रमाणेच, आणि १० च्या खाली तर अगदी सावकाश. उतरवताना दुखणं परत आलं तर त्यांना फोन करा. मनाने वाढवूही नका.

तुमच्या डब्यात १० आणि ५ अशा दोन पट्ट्या आहेत. गोळ्या दिसायला सारख्याच, म्हणून पट्टीवरचा आकडा चष्मा लावून वाचायचा. सकाळी नाश्त्यानंतर दोन्ही एकदमच घ्या. संध्याकाळी घेतल्या तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

साखरेचं नीट ऐका. या गोळीने साखर दुपारनंतर चढते. सकाळची उपाशीपोटीची चांगली येते आणि माणूस निर्धास्त राहतो. म्हणून जेवल्यावर दोन तासांनी बोट टोचून बघा, आठवड्यातून दोनदा तरी, आणि वहीत लिहा. २०० च्या वर वारंवार येऊ लागली, किंवा तहान-लघवी वाढली, तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणता ती डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आता अजिबात नको. दोन्ही मिळून जठराला जखम होते आणि आतून रक्त जाऊ शकतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर थेट हॉस्पिटल. तसंच कपाळाच्या बाजूला नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, नजर अंधूक होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. या आजारात डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते आणि दृष्टी गेली तर बहुधा परत येत नाही.

आई, स्टेरॉइड म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, ते कळतं मला. पण आत्ता गोळी थांबवण्यात जास्त धोका आहे. त्यांचा चेहरा गोल दिसेल, चिडचिड होईल, भूक खवळेल; डोस उतरेल तसं हे ओसरतं. पानात लोणचं-पापड कमी कर, दूध-दही, नाचणी, डाळी वाढव. हाडांची झीज पहिल्या सहा महिन्यांतच जास्त होते, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चुकवू देऊ नकोस. आणि तुझ्या दम्याच्या पंपातही स्टेरॉइड आहे. तो ओढल्यावर चूळ भरून थुंकत जा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

ताप आला, दात काढायचा ठरला, ऑपरेशन निघालं, तर "मी प्रेडनिसोलोनवर आहे" हे आधी सांगायचं. अशा वेळी डोस तात्पुरता वाढवावा लागू शकतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, घरी वाट बघायची नाही. बाबा, पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कधी, डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू कधी बघायचा, आणि कोणत्या लसी घ्यायच्या. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी नवी आणून ठेवा.

तुमची,
चिऊ