दोन थेंबांमधली दहा मिनिटं

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तू वाचून दाखवायचं आहेस. नवीन चष्मा येईपर्यंत बाबांनी बारीक अक्षर वाचायचं नाही. पहिल्या बाटलीतला थेंब घातलास की दुसरीच्या आधी दहा मिनिटं थांबायचं असतं आणि तेवढा वेळ बाबा डोळे मिटून पडलेले असतात, उठून गॅलरीत जाऊ शकत नाहीत. म्हणून ही वेळ साधली. लबाडी आहे, कबूल.

मी पॅरिसला जातेय. येत्या रविवारी, रात्रीचं विमान, दहा महिन्यांसाठी, इतिहासाच्या अभ्यासाला. शिष्यवृत्तीच्या कागदांवर जूनमध्येच सही केली. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरत होती, म्हणून बोलले नाही. मग ऑपरेशन झालं, म्हणून बोलले नाही. आणि मग नारळी पौर्णिमेला जे झालं ते झालं. पुढे ढकलता येईल का, असं मी दोनदा विचारलं. नाही म्हणाले. पैसे त्यांचेच आहेत, राहायची सोय आहे, खोलीपासून ग्रंथालय चालत अर्ध्या तासावर. तुमच्या एफडीला हात लागणार नाही. छोटा कुकर घेतलाय. आई, गोडा मसाला जास्त देऊ नकोस, गेल्या वेळी बेळगावला माझी अख्खी बॅग मसाल्याची झाली होती.

आता त्या फोटोबद्दल. मावशीने माझ्या टेबलामागे भिंतीवर चिकटवलेला फोटो बघून "हे कुणाचे आजोबा?" विचारलं आणि मी शहाण्यासारखी सांगत बसले. मार्शल पेताँ. पहिल्या महायुद्धात व्हर्दाँला लढलेला, फ्रान्सचा लाडका म्हातारा. १९४० च्या जूनमध्ये जर्मनीपुढे फ्रान्स कोसळला आणि १० जुलैला व्हिशी नावाच्या गावी, कॅसिनोच्या नाट्यगृहात खासदारांनी ५६९ विरुद्ध ८० मतांनी सगळे अधिकार त्याच्या हवाली केले. तेव्हा तो ८४ वर्षांचा होता. व्हिशी म्हणजे औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव, हवापालटाला जायचं ठिकाण. तिथल्या हॉटेलांच्या खोल्यांमध्ये मंत्रालयं थाटली. खाटा बाहेर, फायली आत. मला हे सगळं सांगताना मजा येते, हे खरं आहे. डोळे चमकतात माझे, हेही खरं असेल. बाबा, तुम्ही म्हणालात, "पोरगी हुकूमशहाच्या प्रेमात पडलीय." पाहुण्यांसमोर मला ते झोंबलं.

प्रेम नाही हो. पेताँमध्ये तर मला फारसा रसही नाही. मला रस आहे त्याच्या कारकुनांमध्ये.

१९४० च्या ऑक्टोबरात पॅरिसमधल्या ज्यूंना पोलीस चौकीत जाऊन नाव नोंदवायला सांगितलं. सुमारे दीड लाख लोक आपण होऊन गेले, कारण सरकारी हुकूम आहे आणि आपण कायदा पाळणारी माणसं आहोत. त्या नोंदींवरून पोलीस मुख्यालयात आंद्रे त्युलार नावाच्या अधिकाऱ्याने कार्डं करवून घेतली. आडनावाप्रमाणे, रस्त्याप्रमाणे, राष्ट्रीयत्वाप्रमाणे, धंद्याप्रमाणे. कुठूनही शोधा, माणूस सापडणार. १६ आणि १७ जुलै १९४२ ला त्याच कार्डांवरून काढलेली नावं घेऊन पोलीस दारोदार गेले. जर्मन नव्हे, फ्रेंच पोलीस. दोन दिवसांत १३,१५२ माणसं पकडली, त्यात चार हजारांवर मुलं. मुलंवाली कुटुंबं सायकल शर्यतींच्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये कोंडली. हे आमच्या राज्याने केलं, असं फ्रान्सच्या अध्यक्षाने कबूल करायला १९९५ उजाडलं.

पोलीस मुख्यालयातली तशी काही कार्डं पॅरिसच्या शोआ स्मारकात, म्हणजे ज्यूंच्या नरसंहाराच्या स्मारकात, ठेवली आहेत. एका कार्डाचं चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आधी दिसलं ते अक्षर. सुवाच्य, एका ओळीत, कुठेही खाडाखोड नाही. आणि मला तुम्ही आठवलात, बाबा.

आई, थांबू नकोस. पुढे वाच.

कारण नीट अक्षर म्हणजे माझ्यासाठी तुम्हीच. जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरं घालून लेबलांवर माझं नाव लिहायचात, त्यातल्या 'ळ'ला खाली छोटी गाठ असायची. मी शेजारी बसून ब्लेडने टोक केलेल्या पेन्सिली सांभाळायचे. शाई वाळेपर्यंत फुंकर मारायची नाही, नुसतं थांबायचं, हा तुमचा नियम. चव्वेचाळिसाव्या वर्षी झालेली मुलगी म्हणून सगळे लाड, पण फुंकर मारली की कान पिळायचात.

आणि ती १९७६ ची गोष्ट. ४ जानेवारी, रविवार. एका दिवसात मुंबईतल्या झोपडपट्ट्या मोजायच्या होत्या, तुम्ही बावीस वर्षांचे, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. दिवसभर उभ्याने फॉर्म भरले, एकाही फॉर्मात खाडाखोड नाही, साहेबांनी पाठ थोपटली. शंभर वेळा ऐकलंय मी. पण त्याच वर्षीच्या मे महिन्याबद्दल, जनता कॉलनी या झोपडपट्टीबद्दल, तिथल्या सगळ्यांना उचलून चीता कॅम्पला नेलं त्याबद्दल तुम्ही कधीच बोलत नाही. नारळी पौर्णिमेला मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "यादी करणाऱ्याला काहीच माहीत नसतं, असं नसतं," असं म्हणाले. तुम्ही नारळी भात अर्धा टाकून उठलात. पानावरून उठलेले मी तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

चुकलं माझं. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजण्यासारख्या नाहीत आणि मी इतिहासाची विद्यार्थिनी असून ते केलं, म्हणजे दुहेरी चूक. त्याच गणतीत झोपडीवाल्यांना मिळालेल्या फोटोपासवर, म्हणजे फोटो लावलेल्या ओळखपत्रावर, पुढे कितीतरी लोकांना पर्यायी जागेवर हक्क सांगता आला, हे मला ठाऊक होतं. बोलायला हवं ते मी गिळलं.

एक सांगायचं राहिलं. नान्सी नावाच्या शहरात परदेशी लोकांची नोंद ठेवणारं पोलीस खातं होतं. १९४२ च्या जुलैत तिथेही धरपकडीचा हुकूम आला. एदुआर व्हिन्येराँ हा त्यांचा प्रमुख. त्याच्या माणसांनी यादीतल्या घरांना आधीच गाठून सांगितलं, आज घरी थांबू नका. बहुतेक लोक निसटले. यादी तीच, खातं तेच. मला कळून घ्यायचंय ते हे, की एकाच टेबलावर बसून एक जण नुसतं नाव शोधतो आणि दुसरा आधी निरोप देऊन येतो, हे होतं कसं.

मी लहान असताना दिवाळीत चीता कॅम्पहून एक काका यायचे. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यापाशीच उभे राहायचे, बाबांना साहेब म्हणायचे. आई त्यांना फराळाचा डबा द्यायची, बाबा आत निघून जायचे. ते का यायचे, हे मी कधी विचारलं नाही. आता पत्रातही विचारत नाही. तुम्हाला वाटलं तर फोनवर सांगा. नाही वाटलं तर पावसापाण्याचं बोलू.

आता ऐका. थेंबांचा तक्ता फ्रीजवर लावलाय, घातला की खूण करायची. काळा चष्मा घरातसुद्धा. खाली वाकून कुंड्यांना पाणी घालायचं नाही, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना मी सांगून ठेवलंय. डोक्यावरून अंघोळ डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय नाही. बीपीची गोळी संपायची वाट बघू नका, चार उरल्या की दुकानात फोन, नंबर कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात आहे. सिलिंडर माझ्या मोबाइलवरून मीच बुक करीन. आई, तुझ्या गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय परळ नाक्यावर भाजीला उतरायचं नाही, आणि पावसात तर अजिबातच नाही. गणपतीत उकडीचे मोदक एकवीसच करा, एक्कावन्न नको, मी नाहीये खायला. गौरीच्या साड्या वरच्या बॅगेत आहेत, स्टुलावर चढू नका, वहिनींच्या मुलाला हाक मारा.

पेताँचा फोटो काढून ठेवलाय. चिकटपट्टीने रंगाचा पापुद्रा निघालाय तेवढा, त्यावर तुम्ही माझा दहावीचा फोटो लावणार, हे मला आत्ताच दिसतंय. लावा.

दहा मिनिटं झाली असतील. आई, आता दुसरी बाटली, निळ्या झाकणाची. आधी हात धू.

तुमची,
छकुली