चिखलणीसाठी विकलेल्या ट्रॅक्टरच्या तेलात पाणी: कंपनीस सामूहिक तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
ट्रॅक्टर उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय

प्रत माहितीसाठी: क्षेत्रीय सेवा व्यवस्थापक, नागपूर; अधिकृत विक्रेता

विषय: ५० एचपी गटातील फोर व्हील ड्राइव्ह मॉडेलच्या मागच्या हाउसिंगमध्ये (गिअर आणि मागच्या ॲक्सलच्या तेलपेटीत) चिखलणीच्या वेळी पाणी शिरणे, त्यामुळे ब्रेक, लिफ्ट व पीटीओ (मागे जोडलेले औजार फिरवणारा शाफ्ट) निकामी होणे आणि वॉरंटी नाकारणे

महोदय,

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या धानपट्ट्यातले आम्ही शेतकरी आपल्या वरील मॉडेलचे मालक आहोत. प्रत्येकाचा चेसिस नंबर, खरेदीची पावती, आरसी आणि जॉब कार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ब्रेक करकरतो, लिफ्ट हिसके देते, पीटीओ घसरतो, पंप ओरडतो, अशा आमच्या तक्रारी आपल्या सर्व्हिस सेंटरने आजवर सुट्या सुट्या लिहून घेतल्या. त्या सुट्या नाहीत. दुखणे एकच आहे: चिखलणी केली की मागच्या हाउसिंगच्या तेलात पाणी जाते. हे मूळ मान्य होईपर्यंत एकेक पार्ट बदलून काहीही साधणार नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

या मॉडेलमध्ये गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, तेलातले ब्रेक, हायड्रॉलिक लिफ्ट आणि पीटीओचा ओला क्लच या सगळ्यांना एकच तेल आहे, ५० लिटरच्या आसपास. ही रचना आपण एकट्यानेच केलेली नाही, अनेक कंपन्या करतात आणि तिच्यात चूकही नाही. पण तेल सामाईक असेल तर एका जागेतून आत आलेले पाणी सगळीकडे पोचते. अशा ट्रॅक्टरची सील (फिरत्या शाफ्टभोवतीची तेल अडवणारी कडी) आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारे तोंड) कोरडवाहू नांगरटीच्या हिशेबाने बसवून तोच ट्रॅक्टर 'चिखलणीसाठी योग्य' म्हणून धानपट्ट्यात विकणे, हा आमचा आक्षेप आहे. आपल्या माहितीपत्रकात केजव्हील (चिखलात चालण्यासाठीची लोखंडी जाळीदार चाके) लावून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभ्या असलेल्या याच मॉडेलचा फोटो आहे. ते पानही सोबत जोडले आहे.

पाणी कुठून येते ते आम्ही ट्रॅक्टर खोलून पाहिले आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी वाट पीटीओ शाफ्टच्या मागच्या सीलची. चिखलणीत चाक पाऊण ते एक फूट खाली बसते आणि वर चार बोटे पाणी असते. ट्रॅक्टरचे पोट चिखलाला टेकते आणि रोटाव्हेटर घोळलेला चिखल पुढे, थेट पीटीओच्या तोंडावर फेकत राहतो. तिथे आपण साधे सिंगल लिप सील दिले आहे. त्याचा ओठ आतले तेल अडवण्यासाठी असतो, बाहेरून येणारी पाणी-माती अडवणे त्याचे काम नव्हे. बारीक वाळू ओठाखाली गेली की ती शाफ्टवर पॉलिश पेपरसारखी घासते. शाफ्ट पुसून त्यावर नख फिरवले की सील जिथे बसते त्या जागी नख अडकते, इतका चर पडलेला असतो. अशा शाफ्टवर नवे सील ठोकले तरी ओठ चरातच बसतो आणि काही तासांत पुन्हा गळती सुरू होते. आपल्या सर्व्हिस सेंटरने नेमके हेच केले. शाफ्टला स्लीव्ह (चर झाकणारी धातूची पातळ नळी) चढवली नाही, सील दोन-तीन मिलिमीटर सरकवून ताज्या पृष्ठभागावर बसवले नाही, शाफ्टही बदलला नाही. त्याच शाफ्टवर पुन:पुन्हा सील बसवले आणि जॉब कार्डावर 'ओके' लिहिले.

दुसरी वाट ब्रीदरची, आणि खरे कारण इथे आहे. रोटाव्हेटर चालवून हाउसिंग हात ठेवता येणार नाही इतके तापते. मग ट्रॅक्टर बांधीच्या पाण्यात जेवणापुरता उभा राहिला की बाहेरून ते झपाट्याने थंड होते आणि आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर कमी झालेली हवा तिथून आत येते. पण या मॉडेलचा ब्रीदर खाली, शिंतोडे उडतात त्याच जागी आहे आणि पहिल्या दोन-चार बांधींतच त्यावर चिखलाची खपली बसते. तो बुजला की आत ओढ तयार होते आणि हाउसिंग सीलच्या ओठाखालून पाणी शोषून घेते. म्हणून गाडी चालू असताना गळती दिसत नाही, उभी राहिल्यावर पाणी जाते. तपासणीला आलेल्या आपल्या माणसाने गाडी चालू ठेवून सील पाहिले आणि गळती नाही असे लिहून दिले. ती तपासणीच चुकीच्या वेळी झाली.

तिसरी वाट मागच्या ॲक्सलची. केजव्हील आणि टायरच्या फटीतून तणस (धानाचा पेंढा) ॲक्सलभोवती गुंडाळले जाते, घट्ट पिळले जाते आणि सीलची कडा कापते. तिथे तणस अडवणारी साधी पत्र्याची रिंगही दिलेली नाही. पुढच्या हबमध्येही हेच घडते. तिथले तेल वेगळे असल्याने निदान बाकीच्या गाडीत ते पसरत नाही, एवढेच.

पाणी गेल्याची पहिली खूण कोणालाही दिसेल अशी आहे. तेल न ओतता डिपस्टिकवरची पातळी चढते. सर्व्हिस सेंटरमध्ये पातळी वरच्या रेषेला पाहून 'तेल भरपूर आहे' असे सांगून गाडी परत पाठवली गेली. वाढलेली पातळी हाच धोक्याचा इशारा आहे हे आपल्या मेकॅनिकना माहीत नसेल तर त्यांना ते शिकवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. पुढची खूण रंगाची: तेल दुधाळ, चहासारखे होते. खात्री करायची तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू न करता सर्वांत खालच्या ड्रेन प्लगमधून अर्धा लिटर तेल काचेच्या बाटलीत घ्यावे. मोकळे पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. हे तेल पाणी स्वत:त घोळवून ठेवणारे असल्याने थर दिसला नाही म्हणजे पाणी नाही असे समजू नये. त्याचा थेंब तापलेल्या तव्यावर टाकावा. तडतडले तर पाणी आहे. अशा बाटल्या आम्ही पंचांसमक्ष सील करून ठेवल्या आहेत.

यानंतर गाडीत काय होते ते क्रमाने सांगतो. बांधी लहान असते, प्रत्येक कोपऱ्यावर एका बाजूचा ब्रेक दाबून वळावे लागते. डिस्कचे अस्तर पाणीमिश्रित तेलात फुगते, सुटते, त्याचा चुरा तेलात जातो. ब्रेक करकरतो आणि दोन्ही पॅडल एकत्र दाबले तरी गाडी एका बाजूला ओढते. रस्त्यावर धानाची भरलेली ट्रॉली मागे असताना हे जिवावर बेतणारे आहे. तो चुरा आणि आत आलेली माती पंपाच्या सक्शन स्ट्रेनरवर जाऊन बसते. पंपाला तेल कमी पडते, तो कण्हल्यासारखा आवाज करतो, लिफ्ट हिसके देत वर जाते. पुढे कंट्रोल व्हॉल्व्हवर ओरखडे येतात, सिलिंडरच्या ओ-रिंग कापल्या जातात आणि उचललेला रोटाव्हेटर आपोआप खाली उतरू लागतो. पात्यांत अडकलेले तणस काढायला माणूस मागे जातो तेव्हाच हे घडले तर काय होईल हे सांगायला नको. उचललेल्या औजाराखाली टेकण न लावता हात घालू नये हे आम्ही जाणतो आणि पाळतो. पण लिफ्टने वजन धरून ठेवायचेच नाही, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही. शेवटी पीटीओच्या ओल्या क्लचच्या प्लेटा घसरतात: इंजिन जोरात, रोटाव्हेटर मंद. हा शेवटचा खर्च सगळ्यात मोठा, कारण त्यासाठी गाडी मधून वेगळी करावी लागते.

या सगळ्यावर आपल्याकडून दोन उत्तरे मिळाली. ऑइल सील आणि ब्रेक डिस्क हे झिजणारे पार्ट आहेत, त्यांना वॉरंटी नाही, हे पहिले. गाडी पाण्यात वापरली, म्हणजे गैरवापर झाला, हे दुसरे. चिखलणी पाण्याशिवाय होत नाही. ज्या कामाचा फोटो छापून गाडी विकली तेच काम केले म्हणून गैरवापर ठरवणे आम्हाला मान्य नाही. आणि झिजणारा पार्ट वयाप्रमाणे झिजला तर खर्च आमचा, हे रास्तच आहे. पण चुकीच्या जागी बसवलेल्या ब्रीदरमुळे पहिल्याच हंगामात सील निकामी होत असेल तर ती झीज नाही, तो दोष आहे.

ट्रॅक्टरच्या मॉडेलची चाचणी मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. त्या चाचणीत चिखलणीचे काम करून घेऊन वेगवेगळ्या भागांत पाणी आणि चिखल शिरतो का, हेही पाहिले जाते. या मॉडेलच्या चाचणी अहवालातले ते पान आम्हाला पाठवावे, आणि चाचणीच्या गाडीवर जे सील व ज्या जागी ब्रीदर होता तेच विक्रीच्या गाड्यांवर आहेत का, हे पार्ट नंबरसह लेखी कळवावे. या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले तर अर्धा वाद मिटेल.

दुरुस्ती अवघड नाही. ब्रीदरच्या जागी निपल बसवून त्याला तेल-रोधक नळी जोडायची, ती सीटखाली उंच नेऊन तोंड खाली वळवायचे. पीटीओ आणि ॲक्सलला अनेक ओठांचे कॅसेट सील द्यायचे, ॲक्सलवर तणस अडवणारी रिंग लावायची. आमच्याकडचे मेकॅनिक ब्रीदरची नळी तासाभरात बसवून देतात. आम्ही थांबलो ते केवळ 'गाडीत छेडछाड केली' म्हणून उरलेली वॉरंटीही जाऊ नये यासाठी.

आमच्या मागण्या अशा. आमच्या सर्व गाड्यांची तपासणी कंपनीच्या इंजिनिअरने आमच्या समक्ष करावी, तेलाचे नमुने दोन प्रतींत सील करावेत, एक आमच्याकडे राहील. वर लिहिलेले सील, ब्रीदर आणि रिंग कंपनीच्या खर्चाने बसवावेत. चर पडलेल्या शाफ्टला स्लीव्ह किंवा नवा शाफ्ट द्यावा. तेल दोनदा बदलावे, कारण एकदा काढल्यावरही ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये, लिफ्टच्या सिलिंडरमध्ये आणि नळ्यांमध्ये जुने पाणीदार तेल उरते आणि नवे तेल पुन्हा दुधाळ होते. पहिले भरून आठ-दहा तास चालवून काढायचे, स्ट्रेनर धुवायचा, फिल्टर बदलायचा, मगच कायमचे तेल भरायचे. आजवर कोणत्याही गाडीवर हे केलेले नाही, फक्त टॉप-अप झाला आहे, तोही आमच्या पैशाने. डिस्क, पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, क्लच प्लेटा यांपैकी जे खराब झाले असेल ते मोजून बदलावे आणि मोजमाप जॉब कार्डावर लिहावे. 'तेलात पाणी आढळले' हे शब्द जॉब कार्डावर लिहायला सर्व्हिस सेंटर आजवर नकार देत आले आहे. ते बंद व्हावे. दुरुस्तीच्या तारखेपासून या सर्व भागांना नवी दोन वर्षांची लेखी वॉरंटी मिळावी. ज्यांनी स्वत:च्या खिशातून सील, तेल, डिस्कचे पैसे भरले त्यांना बिलांप्रमाणे परतावा मिळावा.

सुट्या भागांबद्दल वेगळे सांगायला हवे. रोवणीचा हंगाम काही आठवड्यांचा असतो. परे (रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपे) तयार झाले की ते थांबत नाहीत, वय झालेल्या रोपांना फुटवे कमी येतात. अशा वेळी सील नागपूरहून आणि क्लच प्लेटा त्याहून लांबून मागवाव्या लागणे म्हणजे गाडी असून दुसऱ्याची गाडी भाड्याने लावणे. ट्रॅक्टरच्या कर्जाचा सहामाही हप्ता मात्र तारखेला पडतो. म्हणून हे मोजके पार्ट तालुक्याच्या डीलरकडे जूनपूर्वी आणि डिसेंबरपूर्वी शिल्लक ठेवावेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये 'दोष' याची व्याख्या दिली आहे आणि आमची तक्रार तिच्यात बसते. चिखलणी भाड्यानेही करतो म्हणून आम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा आपल्याकडून येईल असे वाटते. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली व स्वत: वापरलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'तून वगळली आहे. कलम ३५ प्रमाणे समान तक्रार असलेल्या ग्राहकांना जिल्हा ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, कलम ३४ प्रमाणे ती आमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. आम्हाला आयोगात जाण्याची हौस नाही. ही गाडी इंजिनने चांगली आहे, ओढ चांगली आहे, डिझेलही बेताचे खाते. ती चालावी हीच आमची इच्छा आहे.

उन्हाळी धानाची चिखलणी जानेवारीत सुरू होते. त्याआधी तपासणी आणि दुरुस्ती पूर्ण व्हावी, यासाठी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तपासणीची तारीख आणि ३० दिवसांत मागणीनिहाय लेखी उत्तर द्यावे. 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढाच मेसेज आम्ही उत्तर धरणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
खाली सह्या करणारे ट्रॅक्टरमालक शेतकरी
जि. भंडारा व गोंदिया

सोबत: मालकनिहाय चेसिस नंबरांची यादी, खरेदी पावत्या, जॉब कार्डे, सुट्या भागांची व तेलाची बिले, माहितीपत्रकाचे पान, शाफ्टवरील चराचे व दुधाळ तेलाचे फोटो, नमुना सील केल्याचा पंचनामा