तुझी पुरणपोळी तशीच का राहिली

पुणे,
रविवार

प्रिय सुमे,

होळीला तू पानात वाढलेली पुरणपोळी मी तशीच ठेवली आणि दहीभातावर उठले. तू काही बोलली नाहीस, पण तूप वाढताना तुझा हात थांबलेला मी पाहिला. भरल्या घरात पोटाची कहाणी सांगत बसणं नको वाटलं, म्हणून आज लिहिते.

चार वर्षांपासून माझं काय चाललंय ते तुला थोडंफार ठाऊक आहेच. पंढरपूरला जाताना टेंभुर्णीला गाडी थांबवायला लावली होती, आठवतंय? जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग पळापळ. मधले आठ-पंधरा दिवस बरे जायचे की पुन्हा तेच. एकाने ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने आमांश म्हणून कोर्स दिला, तिसऱ्याने सोनोग्राफी बघून "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून सांगितलं. त्या नॉर्मलचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. वजन 58 वरून 47 वर आलं, हिमोग्लोबिन 8 च्या आसपास, लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने गिळल्या तरी काटा हलेना. घरातही हळूहळू सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे मनाचं आहे. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

दिवाळीनंतर एका पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आजवर सगळ्यांनी विचारलं, दुखतं कधी. हिने विचारलं, "बरं कधी वाटतं?" मी पटकन बोलून गेले, नवरात्रात. नऊ दिवसांचे उपास करते ना मी, दरवर्षी. सासूबाईंच्या मते ती देवीची कृपा. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि उपासाला काय काय खाता ते एकेक करून वदवून घेतलं. राजगिरा, वरी, साबुदाणा, बटाटा, दाणे. आणि सोलापूरला आईकडे? ज्वारीची भाकरी. तिथेही बरं वाटतं? हो की! माहेरपणाचं सुख म्हणून मी ते कधी मोजलंच नव्हतं.

मला तर त्याच दिवशी गहू सोडायचा होता. त्यांनी हात जोडून सांगितलं, तपासणी होईपर्यंत पोळी खात राहा. आधीच सोडलीत तर रक्तातल्या खुणा पुसट होतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. म्हणजे दुखणं ठाऊक असून आणखी तीन आठवडे पोळ्या खाल्ल्या मी! रक्ताची टीटीजी नावाची तपासणी असते. त्या लॅबच्या हिशेबाने आकडा 20 च्या आत हवा, माझा 200 च्या पुढे. मग एंडोस्कोपी. लहान आतड्याच्या सुरुवातीचे तांदळाएवढे तुकडे काढून तपासले. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, माझी ती झिजून सपाट झालेली. लोह शोषलं जातं ते नेमकं तिथेच. गोळ्या बिचाऱ्या काय करणार?

आजाराचं नाव सिलिॲक. गहू आणि जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. नंतर वाचलं की हॉलंडमध्ये डिके नावाच्या मुलांच्या डॉक्टरला गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला आणि त्या उपासमारीतही ही आजारी मुलं सुधारली. माझ्या नवरात्रासारखंच की हे, फक्त फार भयंकर.

औषध काही नाही, जन्मभर गहू बंद. पोळी सोडली, तरी तीन आठवडे पोट कुरकुरतच होतं. एकदा फोडणी करताना सहज हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. गव्हाचं पीठ! पोट बिघडलं की मी वरणभात खायचे, आणि वर हिंगाची फोडणी, पोटाला बरी म्हणून. तशीच आपली गिरणी. माझ्या ज्वारीच्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असायचेच. शेवटी घरघंटी घेतली. थालीपिठाची भाजणीही आता बिनगव्हाची करते. सत्यनारायणाच्या प्रसादाला मात्र अजून नाही म्हणता येत नाही. हातावर घेते आणि हळूच यांच्या हातावर सरकवते.

वजन 51 झालंय. बहिणीलाही तपासून घ्यायला सांगितलंय, जवळच्या नात्यात हे असू शकतं म्हणून. ती टाळतेय.

आता वैशाखातल्या तुझ्या लेकीच्या लग्नाचं. आचाऱ्याला काही सांगू नकोस, माझ्या भाकऱ्या मी बांधून आणीन. फक्त आदल्या दिवशी तुझ्या हातची बटाट्याची भाजी कर, बिनहिंगाची, वेगळ्या कढईत. डावही वेगळा घे. आणि हसू नकोस, पोळीच्या तव्यावर माझी भाकरी गरम करायची नाही.

तुझी,
मंगल